युगांडातलं म्हातारपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतल्या गरीब देशांबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की अनाथ मुलं, शाळा, एचआयव्ही, दुष्काळ यांवर येऊन थांबतं. त्याच घरातल्या म्हातारीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा ते घर तीच चालवत असते, म्हणून हे पान खास तिच्यासाठी आणि तिच्या बरोबरीच्या म्हाताऱ्यांसाठी आहे. मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तेच इथे घेतले आहेत.

इतके देश असताना युगांडाच का?

दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे हा देश कमी उत्पन्नाच्या गटातला असूनही त्याने वृद्धांना दरमहा रोख रक्कम द्यायला सुरुवात केली आणि ती योजना हळूहळू देशभर नेली. ती कुठे चालते, कुठे अडते, हे दोन्ही तिथे स्पष्ट दिसतं.

दुसरं कारण त्या पिढीचं. युगांडा म्हटलं की आपल्याला इदी अमीन आठवतो आणि १९७२ साली नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकललेले भारतीय आठवतात. त्या वेळी विशी-पंचविशीत असलेली युगांडाची माणसं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. अमीनची राजवट, १९८० च्या दशकातली यादवी, मग एड्सची साथ आणि उत्तरेत वीस वर्षं चाललेलं युद्ध, एवढं सगळं या एका पिढीच्या वाट्याला आलं. कमावत्या वयात गाठीला काही बांधून ठेवावं अशी स्थिरता त्यांना मिळालीच नाही. आज त्यांच्याकडे पुंजी का नाही, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

तिथे वृद्ध कुणाला म्हणतात आणि ते आहेत किती?

राष्ट्रीय धोरणानुसार साठीच्या पुढचे. २०२४ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ४ कोटी ५९ लाख निघाली. त्यात साठीच्या वरचे साधारण ५ टक्के, म्हणजे वीस लाखांहून अधिक माणसं. भारतात हे प्रमाण त्याच्या दुपटीच्या वर आहे. युगांडातली जवळपास निम्मी लोकसंख्या अठरा वर्षांच्या आतली असल्यामुळे शाळा, लसीकरण, रोजगार यांतच सरकारचं लक्ष आणि पैसा गुंतलेला असतो. वृद्धांचा टक्का लहान म्हणून त्यांचा आवाजही लहान, असं झालेलं आहे.

वय नेमकं ठरवणं ही वेगळीच कटकट. आज ऐंशीच्या घरात असलेल्या बहुतेकांच्या जन्माची नोंद कुठेच झाली नव्हती. मग मोठ्या घटनांवरून हिशेब लावतात. देशातल्या बुगांडा या जुन्या राज्याचा राजा मुतेसा दुसरा याला ब्रिटिशांनी १९५३ मध्ये हद्दपार केलं तेव्हा तुम्ही चालत होता का? ९ ऑक्टोबर १९६२ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा लग्न झालं होतं का? आपल्याकडेही प्लेगच्या साली किंवा बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेली माणसं होतीच. फरक एवढाच की तिथे आता याच हिशेबावर पेन्शन मिळणार की नाही हे ठरतं.

आफ्रिकेत तर कुटुंबं मोठी असतात, थोरामोठ्यांना मान असतो. मुलं सांभाळत नाहीत का?

बरीच मुलं सांभाळतात. कंपालात बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवणारा मुलगा संध्याकाळी मोबाइलवरून आईला थोडे शिलिंग पाठवतो, हे अगदी रोजचं आहे. पण आज धंदा झाला नाही तर आजचे पैसे नाहीत, आणि स्वतःच्या पोरांची फी भरायची असेल तर आई मागे राहते. मुलगा वाईट निघाला असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. देणाराच कफल्लक असेल तर मान कितीही असो, ताटात काही पडत नाही.

शिवाय गावातली तरुण माणसं कमी होत चालली आहेत. कुणी कंपालात, कुणी ऊसमळ्यांवर मजुरीला. अलीकडे अनेक तरुण बायका घरकामासाठी सौदी अरेबिया आणि दुबईकडे जातात आणि मुलं आजीच्या हवाली करून जातात.

आजीच्या पदरात इतकी नातवंडं का असतात?

याची सुरुवात एड्सच्या साथीत आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युगांडात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण काही अंदाजांनुसार अठरा टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. आज ते पाच टक्क्यांच्या जवळ आहे. मधल्या काळात जे गेले ते ऐन पंचविशी-चाळिशीतले, म्हणजे घरातले कमावते. मागे उरली त्यांची लेकरं आणि त्यांचे आईबाप. ज्या वयात सुनेच्या हातचं आयतं जेवायचं, त्या वयात या बायकांनी पुन्हा खांद्यावर कुदळ घेतली आणि पाच-सहा पोरांना वाढवलं. मध्य युगांडात आजीला आणि आजोबांनाही ‘जज्जा’ म्हणतात. आई कोण म्हणून विचारलं की जज्जाकडे बोट दाखवणारी मुलं त्या काळात घराघरात होती.

इथे मुंबईचा खरा संबंध येतो. २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरची तीन औषधांची मात्रा वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा जगभर तिची किंमत हजारो डॉलर होती. पुढे २००७ मध्ये कंपालाच्या लुझिरा भागात सिप्लाच्या भागीदारीने ही औषधं बनवणारा कारखानाही उभा राहिला. औषधं स्वस्त झाली आणि लागण झालेली माणसं जगू लागली. आज एचआयव्ही घेऊन साठी गाठलेली माणसं युगांडात आहेत. त्यांना रक्तदाब, मधुमेह आणि एचआयव्ही अशा तिन्हींच्या गोळ्या एकदम सांभाळाव्या लागतात, आणि दवाखाने या जोडीसाठी अजून पुरेसे तयार नाहीत.

नातवंडांचा भार मात्र साथ ओसरल्यावरही उतरला नाही. स्थलांतर, मोडलेले संसार आणि कोवळ्या वयातली बाळंतपणं यांमुळे मुलं आजीकडेच येत राहिली. प्राथमिक शिक्षण १९९७ पासून नावाला मोफत आहे, पण वह्या, गणवेश, दुपारचं जेवण आणि परीक्षेचे पैसे घरूनच जातात. कोविडच्या काळात, मार्च २०२० ते जानेवारी २०२२, युगांडातल्या शाळा पूर्ण किंवा अंशतः बंद राहिल्या. जगातल्या सर्वात लांब शाळाबंदीपैकी ही एक. ती जवळपास दोन वर्षं मुलं कुठे होती, काय खात होती, कुणाच्या नजरेखाली होती, याचं श्रेय आजीला कुठल्याही सरकारी अहवालाने पुरतं दिलेलं नाही.

सरकारी पेन्शन आहे का? किती मिळतं?

आहे. लोक तिला ‘सेज’ म्हणतात (सोशल असिस्टन्स ग्रँट्स फॉर एम्पॉवरमेंट या नावाचं लघुरूप). २०१० मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडच्या मदतीने ती सुरू झाली. किबोगा, काटाक्वी, नेब्बी, मोरोटो असे पंधरा जिल्हे प्रयोगासाठी घेतले होते. वयाची अट पासष्टची होती. करामोजा या कोरड्या, अतिगरीब ईशान्य भागात ती साठ ठेवली, कारण तिथली माणसं लवकर थकतात आणि लवकर जातात. २०१५ नंतर आणखी जिल्हे घेतले, पण तिथे प्रत्येक उपतालुक्यातल्या फक्त शंभर सर्वात वयस्कर माणसांना. मग योजना देशभर न्यायचं ठरलं तेव्हा नव्या लाभार्थ्यांसाठी अट थेट ऐंशीवर गेली. आज साधारण तीन लाख माणसांना ती मिळते.

रक्कम महिन्याला २५,००० शिलिंग, म्हणजे आपले सुमारे सहाशे रुपये. गेल्या दशकभरात ती वाढलेली नाही, महागाई मात्र वाढली.

तुलना करायची तर महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पण साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा वर्षानुवर्षं २०० रुपयेच राहिला आहे. आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देश सहाशे देतो, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

ऐंशी वर्षं? तितकं तिथे जगतं कोण?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्यामागचा संताप योग्य आहे. तरी एक गैरसमज दूर करायला हवा. जन्मावेळचं सरासरी आयुर्मान साठ-पासष्टच्या पुढे असं दिसतं तेव्हा त्यात बालमृत्यूंनी ओढलेली सरासरी असते. जो बालपण आणि तरुणपण पार करून साठीला पोचला, तो पुढे बरीच वर्षं जगतो. ऐंशीचे लोक तिथे आहेत.

खरा अन्याय साठ ते ऐंशीच्या मधल्या वीस वर्षांत आहे. या वर्षांत हात चालेनासे होतात, डोळे अधू होतात, नातवंडं मात्र अजून लहान असतात. नेमक्या याच काळात पेन्शन नाही. त्यात जुन्या जिल्ह्यांत आधी नोंद झालेल्यांचे पैसे चालू राहिले. त्यामुळे एका कुंपणाच्या अलीकडची बाई २०१२ मध्ये पासष्टची होती म्हणून तिला मिळतात, आणि पलीकडची आज सत्तरची असून तिला नाहीत. गावात हे कसं समजावून सांगायचं? माझ्या मते अट टप्प्याटप्प्याने खाली आणणं हेच पुढचं पाऊल हवं, निदान पंच्याहत्तर आणि मग सत्तर. शेजारच्या केनियात २०१८ पासून सत्तरच्या पुढच्यांसाठी सरसकट पेन्शन आहे. टांझानियाचा भाग असलेल्या झांझिबार बेटांनी २०१६ मध्येच सत्तरच्या पुढच्या सगळ्यांना, गरीब-श्रीमंत न बघता, पेन्शन सुरू केलं. हे होऊ शकतं.

पैसे प्रत्यक्ष हातात कसे पडतात?

सुरुवातीच्या काळात मोबाइलवरून, नंतर पोस्टबँकेमार्फत. ठरलेल्या दिवशी बँकेची गाडी किंवा माणूस उपतालुक्याच्या ठिकाणी येतो. पैसे दर महिन्याला न येता काही महिन्यांचे साचून एकदम येतात, आणि कधी त्यालाही उशीर होतो.

वाटपाच्या दिवसाचं चित्र असं असतं. सकाळीच कचेरीपुढच्या झाडाखाली सावली धरून म्हातारी मंडळी बसलेली. बायका ठेवणीतला गोमेसी नेसून आलेल्या, तो खांदे उंच उचललेला, कमरेला रुंद पट्टा बांधलेला झगा. कुणी काठी टेकत दहा किलोमीटर चालत आलेलं, कुणी नातवाच्या मागे बोडाबोडावर, आणि त्या भाड्यातच हप्त्याचा एक तुकडा गेलेला. मग यंत्रावर बोट टेकवायची वेळ येते. पन्नास वर्षं कुदळ धरलेल्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात. यंत्र ओळखत नाही. बोट पुसून पुन्हा, दुसरं बोट, पुन्हा. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत फिरलेली आजी आपल्याकडेही आहे, त्यामुळे तिचा चेहरा कसा होत असेल हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी दुसऱ्या विश्वासू माणसाचं नाव नोंदवता येतं. सोय चांगली आहे, पण ज्याचं नाव दिलं तो पूर्ण रक्कम घरी पोचवतो की नाही, यावर कुणाचंच लक्ष नसतं.

ओळखपत्राचा काय घोळ आहे?

पेन्शनसाठी राष्ट्रीय ओळखपत्र लागतं. त्याला तिथे ‘न्डागा मुन्टू’ म्हणतात. २०१४ पासून मोठ्या मोहिमेत ही कार्डं काढली गेली. घाईत जन्मसालं अंदाजाने टाकली गेली. चौऱ्याऐंशीच्या बाईच्या कार्डावर वय चौसष्ट लागलं की तिचं पेन्शन आणखी सोळा वर्षं लांब गेलं. काहींची नोंदच झाली नाही, कारण केंद्र लांब होतं किंवा ते त्या दिवशी आजारी होते. हरवलेलं कार्ड पुन्हा काढायचं शुल्क वर्षानुवर्षं ५०,००० शिलिंग होतं. दोन महिन्यांचं पेन्शन.

२०२१ मध्ये मानवी हक्कांवर काम करणाऱ्या संस्थांनी या वगळलेल्या माणसांवर सविस्तर अहवाल काढला आणि २०२२ मध्ये युगांडातल्या काही संस्था या प्रश्नावर न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं साधं आहे: जिची ओळख अख्खं गाव पटवून देऊ शकतं, तिच्यासाठी कार्ड हा एकमेव पुरावा का? चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला, गावच्या परिषदेच्या अध्यक्षाचं पत्र, शेजाऱ्यांची साक्ष हे चालायला हवं. मला हे पूर्ण पटतं.

सहाशे रुपयांत होतं तरी काय?

मीठ, साबण, साखर, मक्याचं पीठ, नातवाच्या वह्या. पैसे साचून आले तर दोन कोंबड्या किंवा एखादी शेळी, आणि मग ती शेळी हीच बँक. काही जणी गावातल्या बचत गटात थोडे टाकतात. योजना सुरू झाल्यानंतरच्या अभ्यासांमध्ये वृद्धांनी पैसे मुख्यतः अन्न, औषध आणि नातवंडांच्या शिक्षणावर खर्च केल्याचं दिसलं.

मला या सगळ्याहून मोठी वाटते ती एक छोटी गोष्ट. पेन्शन येणार हे ठाऊक असल्यामुळे दुकानदार उधार देतो. ज्या म्हाताऱ्याला कालपर्यंत मिठाची पुडी उधार मिळत नव्हती, त्याची आता पत आहे. पैसे त्याच्या स्वतःच्या नावावर येतात, म्हणून घरात त्याला विचारून निर्णय होतात.

छप्पर गळत असेल, मोतीबिंदू काढायचा असेल, तर ही रक्कम तोकडीच.

नोकरी केलेल्यांचं काय?

शिक्षक, पोलीस, सरकारी कर्मचारी यांना निवृत्तिवेतन आहे. साठीला निवृत्त झाल्यावर कागदपत्रं पूर्ण होऊन पहिलं पेन्शन हातात यायला लागणारा वेळ हे तिथलं जुनं दुखणं. खाजगी नोकरदारांसाठी १९८५ च्या कायद्याने राष्ट्रीय सामाजिक सुरक्षा निधी आहे. आपल्या भविष्य निर्वाह निधीसारखाच तो चालतो: कामगाराचे ५ टक्के, मालकाचे १० टक्के आणि पंचावन्नाव्या वर्षी एकरकमी पैसे. दरमहा पेन्शन त्यातून मिळत नाही. देशातले बहुसंख्य लोक शेती, मजुरी आणि छोट्या धंद्यात असल्याने या दोन्हींच्या बाहेरच आहेत.

आजारी पडलं तर?

सरकारी दवाखान्यातली फी २००१ मध्ये बंद झाली. तपासणी फुकट आहे. अडचण पुढे सुरू होते: रक्तदाबाची गोळी संपलेली असते आणि चिठ्ठी घेऊन खाजगी दुकानात जावं लागतं. रक्तदाब आणि मधुमेह यांच्या गोळ्या रोज, जन्मभर घ्यायच्या असतात. महिन्यातून दहा दिवस मिळणाऱ्या औषधाने ते आटोक्यात राहत नाहीत, आणि मग एक दिवस अर्धांगवायू होतो. गावपातळीचं आरोग्य केंद्र लहान मुलं, बाळंतपण आणि मलेरिया यांच्यासाठी उभारलेलं असल्यामुळे सांधेदुखी, बहिरेपण, विसराळूपणा या तक्रारींना तिथे ‘वय झालं’ एवढंच उत्तर मिळतं. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसावर करणीचा संशय घेतला जाण्याचे प्रकारही होतात.

दवाखान्यापर्यंत पोचणं हाच मोठा प्रश्न आहे, आणि नैऋत्येच्या कबाले भागातल्या डोंगराळ गावांनी त्याचं उत्तर स्वतः शोधलेलं आहे. तिथे ‘एन्गोझी’ गट असतात. वेताची विणलेली डोली, चार खांदेकरी, आणि गावातल्या प्रत्येक घराने पाळीपाळीने खांदा द्यायचा नियम. आजारी माणसाला उतारावरून खाली रस्त्यापर्यंत आणतात, आणि कुणी दगावलं तर परतही नेतात. वर्गणी ठरलेली, गैरहजेरीला दंड ठरलेला. यातल्या काही गटांतून पुढे आरोग्य विम्याच्या छोट्या योजनाही निघाल्या. मध्य युगांडात ‘मुन्नो मुकाबी’ मंडळं अशीच अंत्यविधीचा खर्च, भांडी, जेवण सांभाळतात. या मंडळांचं मला मनापासून कौतुक आहे. म्हाताऱ्या माणसाला मरणाची जितकी भीती असते त्याहून जास्त भीती आपल्या मागे धड माती तरी मिळेल ना याची असते, हे त्यांनी ओळखलेलं आहे.

एका बाबतीत युगांडा पुष्कळ श्रीमंत देशांच्या पुढे आहे: असाध्य आजारातल्या वेदनांवरचा उपचार. डॉ. ॲन मेरिमन यांनी १९९३ मध्ये हॉस्पिस आफ्रिका युगांडा सुरू केलं. तोंडावाटे घ्यायचं स्वस्त पातळ मॉर्फिन तिथे बनतं, आणि २००४ पासून खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांनाही ते लिहून देण्याची परवानगी आहे. डॉक्टर नसलेल्या गावात कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या आजोबांना त्यामुळे शांत झोप लागू शकते.

पायात ‘जिगर’ होतात म्हणजे काय?

वाळूत, मातीच्या जमिनीत राहणारी एक पिसू. मादी पायाच्या कातडीत, बहुधा नखाजवळ, शिरते आणि अंडी धरून वाटाण्याएवढी फुगते. तरुण माणूस ती सुईने काढून टाकतो. एकट्या राहणाऱ्या, कमी दिसणाऱ्या, वाकता न येणाऱ्या म्हातारीला ते जमत नाही. एकाच्या दहा होतात, जखमा चिघळतात, चालणं थांबतं. चालणं थांबलं की पाणी थांबतं, कारण पिवळा कॅन घेऊन विहिरीवर जाणारं दुसरं कुणी नसतं. पूर्वेकडच्या बुसोगा भागात २०१० मध्ये याची मोठी लाट आली होती आणि त्यात मृत्यूही झाले.

यावर उपाय अवघड नाही. बंद बूट, घोटून टणक केलेली किंवा सिमेंटची जमीन, घरात फवारणी, आणि जखमेवर डायमेथिकोन नावाचं तेल. शिवाय आठवड्यातून एकदा कुणीतरी तिचे पाय हातात घेऊन बघणं.

विधवांना जमिनीवरून हाकलतात, हे खरं का?

होतं असं, विशेषतः नवऱ्याच्या भावांकडून. बऱ्याच भागांत जमीन कुळाच्या परंपरेने चालते, कागद नसतो, आणि नवरा गेला की ‘तू आमच्या कुळाची नाहीस’ असं ऐकावं लागतं. बाई म्हातारी आणि निपुत्रिक असेल तर आणखीच.

वारसा कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या मालमत्तेत जोडीदाराचा वाटा १५ वरून २० टक्के झाला. राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क कायद्यात आहे. अंमलबजावणी मात्र गावातल्या परिषदेच्या अध्यक्षावर आणि कुळातल्या वडीलधाऱ्यांवर अवलंबून असते. गावात कायद्याची माहिती असलेली एक जरी बाई उभी राहिली तरी फरक पडतो, म्हणून मोफत कायदा सल्ला देणाऱ्या संस्थांचं काम मला पेन्शनइतकंच मोलाचं वाटतं.

उत्तरेतल्या युद्धानंतर काय झालं? आणि निर्वासितांमधले वृद्ध?

लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर संघटनेच्या युद्धात लाखो लोकांना छावण्यांत राहावं लागलं. २००६ नंतर शांतता आली, कुटुंबं गावी परतली. मागे राहिले ते चालता न येणारे म्हातारे. गावी झोपडी उभारायला हात नव्हते, नेणारं कुणी नव्हतं.

युगांडात आज पंधरा लाखांहून अधिक निर्वासित आहेत, त्यांत दक्षिण सुदानचे सर्वात जास्त. युम्बे जिल्ह्यातली बिडीबिडी वसाहत जगातल्या मोठ्या वसाहतींपैकी आहे. निधी आटल्यामुळे तिथलं रेशन अलीकडच्या वर्षांत अनेकदा कापलं गेलं, आणि मजुरी करू न शकणाऱ्या वृद्धाकडे त्या रेशनशिवाय दुसरं काही नसतं.

वृद्धाश्रम आहेत का?

फार थोडे. कंपालातल्या नालुकोलोंगो इथलं बाकाटेयांबा गृह त्यातलं जुनं. कार्डिनल इमॅन्युएल न्सुबुगा यांनी १९७८ मध्ये ते सुरू केलं, गुड समॅरिटन संघाच्या भगिनी ते चालवतात. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस तिथे गेले होते. निराधार वृद्धांना अशी जागा हवीच. पण बहुतेकांना आपल्या केळीच्या बागेजवळ, नवऱ्याच्या थडग्याजवळ राहायचं असतं. त्यांना आधार तिथेच पोचला पाहिजे.

सरकारदरबारी त्यांचं कुणी आहे का?

१९९५ च्या राज्यघटनेतच वृद्धांच्या निर्वाहाची जबाबदारी राज्याची असल्याचं म्हटलं आहे. २००९ मध्ये राष्ट्रीय धोरण आलं, २०१३ मध्ये वृद्धांच्या राष्ट्रीय परिषदेचा कायदा झाला. गावापासून वरपर्यंत वृद्धांच्या निवडून आलेल्या परिषदा आहेत आणि २०२१ पासून संसदेत वृद्धांच्या प्रतिनिधींसाठी पाच जागा राखीव आहेत. भारतात अशी तरतूद नाही.

मला मदत करायची आहे. कपडे पाठवू का?

नको. जुन्या कपड्यांचा कंपालात मोठा बाजारच आहे, ओविनोत ढीग लागलेले असतात. पाठवणीच्या खर्चात तिथे कितीतरी जास्त होईल.

पैसे द्यायचे तर वृद्धांमध्येच काम करणाऱ्या स्थानिक संस्थांना द्या. युगांडा रीच द एज्ड असोसिएशन १९९० च्या दशकापासून काम करते. मुकोनोतली रोटोम ही संस्था घर, औषधपाणी आणि भेटीगाठी यांवर भर देते. नैऋत्येत न्याका ही संस्था एड्सने अनाथ झालेल्या मुलांसाठी २००१ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिने आजींचे गट बांधले. हे गट कुणाला घर आणि कुणाला कर्ज आधी द्यायचं ते स्वतः ठरवतात, आणि ही पद्धत मला सर्वात भावते. भारतातून देणगी पाठवताना बँकेत परदेशी रकमेचा अर्ज भरावा लागतो आणि आयकरात ८०जीची सवलत मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा लहान रक्कम दरमहा द्या. रक्तदाबाची गोळी रोज लागते.

मी कामानिमित्त कंपालात राहतो. माझ्या हातात काय आहे?

बरंच काही. तुमच्याकडे काम करणाऱ्या माणसांचं म्हातारपण काही अंशी तुम्हीच ठरवता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान उद्योगांनाही सामाजिक सुरक्षा निधीत नोंदणी सक्तीची झाली आहे. आधी पाचपेक्षा कमी कामगार असलेले मालक सुटायचे, आता दुकानात एकच माणूस असला तरी भरणा करावा लागतो. घरी कामाला येणाऱ्या बाईंना त्याच निधीत ऐच्छिक बचतीचं खातं उघडता येतं. त्यांना सोबत घेऊन जा, ओळखपत्रावरची जन्मतारीख बरोबर आहे का तेही त्याच वेळी बघून घ्या, आणि चुकीची असेल तर दुरुस्तीचा खर्च तुम्ही करा.

पगारातून ५ टक्के कापले आणि भरलेच नाहीत, असं करणारे मालक आहेत. त्यांत आपली माणसंही आहेत. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत करायचा असतो. खात्याचा उतारा मोबाइलवर बघता येतो. तो कसा बघायचा, हे तुमच्या माणसाला दाखवून ठेवा.